हेअर अल्गी, वाळूवरचे तपकिरी धागे आणि शून्य नायट्रेट

सगळ्यात आधी जीएफओचा (पाण्यातलं फॉस्फेट शोषणाऱ्या लोहयुक्त दाण्यांचा) रिॲक्टर बंद करा. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आजच करा.

तुमची केस एकदा थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला उपयोग होणार असेल तर त्यालाही संदर्भ लागेल. ३०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा, कोरलवाला (रीफ) टँक, सात महिने झालेत, ड्राय रॉकने (कोरड्या, जीव नसलेल्या दगडांनी) सुरू केलेला. दोन क्लाउनफिश, एक कोल टँग (शेवाळ खाणारा मासा), थोडे झोआ (मऊ, गोंड्यांसारखे पॉलिप) आणि काही एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल). रॉकवर बोटभर लांब हिरवी हेअर अल्गी (केसांसारखं शेवाळ). वाळूवर गेल्या काही आठवड्यांपासून तपकिरी चिकट धागे, आणि दोन-तीन गोगलगायी मेलेल्या. टेस्ट किट नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट ०.०१ दाखवतंय. जीएफओ फुल्ल, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) ओला, म्हणजे जास्त फेस काढेल असा, लावलेला, माशांना एक दिवसाआड खाणं, आठवड्याला पाव टँक वॉटर चेंज. आणि एवढं करूनही शेवाळ वाढतंच आहे तर आता कुठलं केमिकल टाकू की सरळ टँक मोडून नव्याने लावू, असा तुमचा प्रश्न.

दोन्ही नको. तुमच्याकडे एक नाही तर दोन वेगळ्या गोष्टी वाढतायत आणि एकीसाठी लोक जो उपाय सांगतात तो दुसरीला खतपाणी घालतो, म्हणून तुम्ही जेवढा जोर लावताय तेवढं बिघडतंय. हेअर अल्गीसाठी सगळे सांगतात की न्यूट्रिएंट (पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट) कमी करा. वाळूवरचे धागे जर डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव, असतील (आणि वर्णनावरून मला तरी तसंच वाटतंय) तर ते नेमके न्यूट्रिएंट शून्याला टेकवलेल्या टँकमध्ये माजतात.

आता मग शून्य नायट्रेटवर हेअर अल्गी जगते कशी? तर टेस्ट किट पाण्यात उरलेलं मोजतं, टँकमध्ये रोज येतंय किती ते नाही मोजत. माशांच्या खाण्यातून रोज नायट्रोजन आणि फॉस्फरस येतो, बोटभर अल्गीचं रान तो येताक्षणी गिळतं, आणि तुमच्या ट्यूबमध्ये रंगच येत नाही. दुसरं म्हणजे रॉक. ड्राय रॉक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून बसतं. पाण्यातलं फॉस्फेट कमी झालं की रॉक स्वतःकडचं हळूहळू सोडायला लागतो. म्हणजे तुम्ही जीएफओने पाणी कोरडं केलं तरी रॉकवरच मुळं रोवून बसलेल्या अल्गीला खालून पुरवठा चालूच. उपाशी राहतात ते कोरल, कारण त्यांची बरीचशी भिस्त पाण्यावरच.

आणि निसर्गातल्या रीफवर शेवाळ दिसत नाही ते फक्त पाणी स्वच्छ म्हणून, असा एक गैरसमज आहे. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायडेमा नावाच्या लांब काट्यांच्या सी अर्चिनमध्ये साथ आली आणि ९० टक्क्यांहून जास्त अर्चिन मेले. त्यानंतर कितीतरी रीफ शेवाळाखाली गेले, जमैकाचं उदाहरण तर नेहमी दिलं जातं. तिथे आधीच मासेमारीने शेवाळ खाणारे मासे कमी झालेले, १९८० च्या चक्रीवादळाने कोरल मोडलेले, पण पाण्यात कोणी एका रात्रीत खत टाकलं नव्हतं. खाणारी तोंडं गेली, एवढंच. म्हणून मी न्यूट्रिएंटच्या आकड्यांपेक्षा उपटणं आणि खाणारे प्राणी यांना जास्त महत्त्व देतो, आणि तुमच्या केसमध्ये तर त्याला पर्यायच नाही कारण हे दोन उपाय आकडे खाली न आणताही चालतात.

पण आधी वाळूवरचं नक्की काय आहे ते ठरवू.

डायटम (सिलिकेटवर वाढणारं एकपेशीय शेवाळ) असतील तर ती तपकिरी पावडरीसारखी धूळ असते, धागे नसतात, पिचकारीने उडवली की ढग होऊन जाते. नवीन टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत येतात आणि सिलिकेट संपलं की आपोआप जातात, त्यावर फार विचार करायची गरज नाही. सायनो म्हणजे खरं तर बॅक्टेरिया, शेवाळ नाहीच, त्याची चादर बनते, लालसर किंवा गडद जांभळट किंवा कधी काळपट हिरवी, आणि सायफन लावला की पापुद्र्यासारखी अखंड निघून येते. डायनो शेंबडासारखे असतात (सॉरी, पण दुसरा शब्द नाही), धाग्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे अडकलेले, सकाळी लाइट लागताना वाळू बऱ्यापैकी स्वच्छ आणि दुपारपर्यंत परत सगळं तपकिरी. आणि गोगलगायी मरतात, कारण काही डायनो विषारी असतात. तुमच्याकडे धागेही आहेत आणि गोगलगायीही गेल्यात, म्हणून माझा संशय.

घरच्या घरी एक टेस्ट होते. धाग्यांसकट थोडं पाणी बाटलीत घ्या, जोरात हलवा म्हणजे धागे पूर्ण फुटतील, मग कॉफी फिल्टरच्या कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी स्वच्छ ग्लासात उजेडाखाली तासभर ठेवा. डायनोच्या पेशी सुट्या होऊन कागदातून जातात आणि तासाभरात परत एकमेकींना चिकटून धागे तयार करतात. तसं झालं तर डायनो. पाणी स्वच्छच राहिलं तर बहुतेक सायनो किंवा दुसरं काही.

पण त्यापेक्षा चांगलं म्हणजे शाळेतल्या मुलांचा असतो तसला साधा मायक्रोस्कोप, ४०० पट दिसला की पुरे. कारण डायनोमध्येही प्रकार आहेत आणि उपाय प्रकारावर ठरतो. ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचा असतो, एका टोकाला दोरीने बांधल्यासारखा जागच्या जागी गोल फिरतो. अँफिडिनियम लंबगोल, बांधलेला नसतो, मोकळा सरपटत-पोहत फिरतो. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू-रॉक सोडून पाण्यात तरंगायला जातो म्हणून त्याला यूव्ही (अतिनील किरणांनी पाण्यातले जीव मारणारा दिवा) लागू पडतो, अँफिडिनियम वाळूतच दडून बसतो, त्याला यूव्ही लावून उपयोग नाही. लोक न बघताच मोठा यूव्ही आणतात आणि मग म्हणतात यूव्ही काही कामाचा नाही.

ऑस्ट्रिऑप्सिसबद्दल एक सावधगिरी, कारण ही फारशी कोणी सांगत नाही. काही ऑस्ट्रिऑप्सिस पॅलिटॉक्सिनच्या जातीची विषं तयार करतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर याचं ब्लूम (अचानक प्रचंड वाढ) आलं होतं आणि समुद्राच्या तुषारांमुळे सुमारे २०० लोकांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास होऊन दवाखाना गाठावा लागला होता. घरच्या टँकमध्ये एवढं होतं असं नाही म्हणत, पण सायफन तोंडाने ओढू नका, हातमोजे घाला, खोलीची खिडकी उघडी ठेवा.

तर डायनोच निघाले असं धरून पुढचं सांगतो.

नायट्रेट आणि फॉस्फेट वर आणायचं. हो, वर. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दर लिटरला मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम, आणि तिथे टिकवायचं. जीएफओ बंद, रोवाफॉससारखं फॉस्फेट शोषणारं जे काही असेल तेही बंद, स्किमर थोडा कोरडा लावा, वॉटर चेंज काही आठवडे थांबवा (डायनो वॉटर चेंजनंतर बऱ्याचदा उसळतात). माशांना रोज खायला द्या, त्या बिचाऱ्या कोल टँगला एक दिवसाआड म्हणजे उपासमारच आहे. एवढ्याने आकडे हलले नाहीत तर सोडियम नायट्रेट डोस करा, ३०० लिटरमध्ये १ पीपीएम वाढवायला साधारण ०.४१ ग्रॅम लागतं, आरओ पाण्यात विरघळवून हाय फ्लोच्या (प्रवाह जोरात असेल त्या) जागी ओता. रॉक आणि उपकरणांची जागा वजा केली तर तुमचं खरं पाणी ३०० पेक्षा कमीच असणार, तेव्हा थोडं कमी घ्या. एका दिवसात २ पीपीएमपेक्षा जास्त नको. फॉस्फेटसाठी रेडीमेड सोल्युशन मिळतं ते बरं कारण मात्रा इतकी कमी असते की घरच्या काट्यावर मोजता येत नाही. फॉस्फेट सुरुवातीला टाकलं तरी दुसऱ्या दिवशी रीडिंग परत शून्य दिसेल, घाबरू नका, रॉक ते ओढून घेतोय, काही दिवसांनी आकडा थांबायला लागतो.

आकड्यांवरून आठवलं, तुमचं टेस्ट किट कुठलं ते लिहिलं नाही तुम्ही. फॉस्फेट ०.०१ हा आकडा रंग जुळवायच्या किटवर वाचला असेल तर तो आकडा नाही, अंदाज आहे. हॅनाचा डिजिटल चेकर असेल तर बघा की तो फॉस्फेट दाखवतोय की फॉस्फरस, कारण फॉस्फरस पीपीबीवाला मॉडेल असेल तर आलेल्या आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागायचं. म्हणजे १६ दाखवलं तर ते ०.०४९ पीपीएम फॉस्फेट. नायट्रेटच्या काही किटमध्येही नायट्रेट-नायट्रोजन येतं, तिथे ४.४ ने गुणायचं. यात गल्लत करून लोक महिनोन्महिने चुकीच्या दिशेने टँक ढकलत राहतात.

ऑस्ट्रिऑप्सिस निघाला तर यूव्ही लावा, दर १०-१२ लिटरला १ वॅट असा हिशोब धरला जातो म्हणजे तुम्हाला २५ वॅटच्या आसपास, पाणी संपमधून (खालच्या फिल्टर टाकीतून) नाही तर थेट मेन टँकमधून घेऊन थेट तिथेच परत सोडायचं, आणि रात्री तो चालू असलाच पाहिजे. संध्याकाळी लाइट जायच्या आधी पिचकारीने वाळू-रॉकवरून उडवून द्या म्हणजे जास्तीत जास्त पेशी पाण्यात जातील. सोबत तीन दिवसांचा ब्लॅकआउट (लाइट पूर्ण बंद) केला तर अजून बरं. अँफिडिनियम निघाला तर यूव्हीचा नाद सोडा, तिथे सोडियम सिलिकेट डोस करून सिलिका साधारण १ पीपीएमच्या आसपास ठेवतात, त्याने डायटम येतात आणि तेच वाळूवरची जागा बळकावतात. एक तपकिरी काढून दुसरं तपकिरी आणायचं हे ऐकायला वेडेपणा वाटतो पण डायटम विषारी नाहीत, गोगलगायी ते आवडीने खातात आणि सिलिकेट थांबवलं की ते जातात. अँफिडिनियमला वेळ लागतो, आठवडे नाही, महिने धरा.

आता हेअर अल्गी. न्यूट्रिएंट वर आणतोय म्हणजे ती वाढणारच ना, असं तुम्ही म्हणाल. वाढेल, थोडी. म्हणून तिला हातानेच काढायची, त्याच आठवड्यापासून, नियमाने.

यात लोक आळस करतात आणि सगळा खेळ इथेच बिघडतो. बहुतेक गोगलगायी लांब हेअर अल्गी खात नाहीत. त्यांची जीभ खरवडायची असते, आखूड खुंट आणि पातळ थर खरवडायला बनलेली, बोटभर लांब केसांमध्ये त्यांना काही करता येत नाही. तुमच्या कोल टँगचंही तेच, तो टेनोकीटस जातीचा, दातांनी थर आणि कचरा झाडून खातो, लांब अल्गी तोडणं त्याचं काम नाही. गवत कंबरभर वाढल्यावर कोंबड्या सोडून काय उपयोग, आधी विळा चालवावा लागतो. तर आधी तुम्ही उपटा, मग प्राणी ती आखूड ठेवतील.

पद्धत अशी. जे रॉक सहज बाहेर काढता येतात ते एकेक करून बाहेर काढा, टँकच्याच पाण्याच्या बादलीत धरून उपटा आणि कडक टूथब्रशने घासा, मग दुसऱ्या बादलीत खळबळून परत ठेवा. दोन बादल्या हव्यातच, नाहीतर तुटलेले तुकडे परत टँकमध्ये जातात आणि जिथे पडतील तिथे रुजतात. बाहेर काढता येत नाहीत ते आतच, सायफनचा पाइप एका हातात अल्गीच्या अगदी जवळ धरून दुसऱ्या हाताने उपटायचं, म्हणजे तुटलेलं लगेच पाइपमध्ये ओढलं जातं. सायफनचं पाणी फिल्टर सॉकमधून (गाळणीच्या पिशवीतून) संपमध्ये परत सोडा, म्हणजे वॉटर चेंज न करताच तासभर काम करता येतं, तुमच्या केसमध्ये ते महत्त्वाचं आहे. सॉक लगेच काढून धुवा. एका वेळी सगळा टँक नका करू, आठवड्याला एक तृतीयांश पुरे. एकदम सगळं खरवडलं तर कचरा उडतो, पाणी गढूळ होतं आणि तुम्ही दमून पुढचे तीन आठवडे टँककडे बघत नाही.

बाहेर काढलेल्या रॉकवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येतं. उपटून झाल्यावर उरलेल्या खुंटांवर ड्रॉपरने किंवा ब्रशने लावा, फेस येतो, दोन-चार मिनिटं ठेवा, टँकच्या पाण्यात धुवा, परत ठेवा. कोरलवर लागू द्यायचं नाही. काही दिवसांत खुंट पांढरे पडतात आणि मग गोगलगायी त्यावर तुटून पडतात. क्लीनर श्रिंप असेल तर मात्र जपून, ही कोळंबी पेरॉक्साइडला फार नाजूक असते, म्हणून टँकच्या पाण्यात थेट पेरॉक्साइड ओतायचा प्रकार मी टाळतो.

झोआ असलेला रॉक हाताळताना हातमोजे आणि चष्मा. आणि कोणी सांगितलं की रॉक उकळत्या पाण्यात टाका म्हणजे सगळं मरेल, तर अजिबात ऐकू नका. झोआ आणि विशेषतः पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं आणि असा रॉक उकळताना निघणाऱ्या वाफेने घरचे लोक हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्याच्या घटना आहेत. गरम पाणी, प्रेशर, कोरडा ब्रश, यातलं काहीच नको.

प्राण्यांचं. पण डायनो आटोक्यात येईपर्यंत नव्या गोगलगायी आणू नका, त्या मरतील आणि सडून अजून घाण करतील. डायनो गेले की मग ट्रोकस आणा, माझी पहिली पसंती तीच, कारण उलटी पडली तर स्वतः सरळ होते. अॅस्ट्रिया स्वस्तात मस्त खाते पण वाळूवर उलटी पडली की तशीच मरते, रोज कोणीतरी सरळ करत बसायला हवं. टर्बो भरपूर खाते, बऱ्यापैकी लांबसुद्धा, पण रणगाड्यासारखी चालते आणि न चिकटवलेले फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) पाडते. नॅसेरियस अल्गी खातच नाही, ती उरलेलं मांस खाणारी, तरी क्लीनअप क्रूच्या नावाखाली सगळे देतात. हर्मिट खेकडे मी घालत नाही, शंखासाठी गोगलगायी मारतात.

टक्सीडो अर्चिन तुमच्या साइझला एकदम योग्य, रॉक अक्षरशः पांढरा करतो, कोरॅलिनही (रॉकवरचं चांगलं, जांभळट कठीण शेवाळ) थोडी खातो आणि डोक्यावर सुटे फ्रॅग घेऊन फिरतो, तेवढं सहन करायचं. सी हेअर म्हणजे डोलाबेला (मोठी समुद्री गोगलगाय), हेअर अल्गीसाठी त्याच्यासारखा कोणी नाही, पण तो संपूर्ण टँक साफ करून उपाशी मरतो आणि पॉवरहेडमध्ये (टँकमधल्या पंपात) अडकला तर शाई सोडून बाकीच्यांनाही त्रास देतो. म्हणून पंपांना जाळी लावा आणि काम झालं की ज्याच्याकडे शेवाळ आहे अशा दुसऱ्या कोणाला देऊन टाका, तसं ठरवूनच आणा. फॉक्सफेस मासा उत्तम खातो, ब्रायोप्सिससुद्धा (पिसासारखं चिवट शेवाळ) कधीकधी खातो, पण तो मोठा होतो आणि त्याचे काटे विषारी, तुमच्या ३०० लिटरमध्ये मी नाही घालणार. यलो टँगही नको, कोल आधीच आहे तर भांडणं होतील आणि जागाही कमी. कुठलाही नवीन मासा क्वारंटाइन केल्याशिवाय नको हे वेगळं सांगायला नको, पांढऱ्या ठिपक्यांचा इक रोग आला तर हेअर अल्गी बरी म्हणायची वेळ येते.

लाइटचं तुम्ही काही लिहिलं नाही. आठ-नऊ तासांपेक्षा जास्त चालू असेल तर कमी करा, आणि पांढरा-लाल चॅनल खूप वर असेल तर हळूहळू खाली आणा, निळा तसाच ठेवा. कोरलला चालतं, अल्गीचा जोर थोडा कमी होतो. थोडाच. लाइटने हेअर अल्गी गेली असं मी तरी पाहिलेलं नाही, ब्लॅकआउटनंतरही तिची मुळं रॉकच्या छिद्रांत जिवंत राहतात आणि परत फुटतात.

पाण्याचं सोर्स एकदा तपासा. आरओ-डीआयमधून (पाणी शुद्ध करणाऱ्या युनिटमधून) टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य येतोय का, आणि शून्य येत असेल तरी डीआय रेझिन कधी बदललं होतं ते आठवा, कारण रेझिन संपायला लागलं की आधी सिलिकेट सुटतं आणि ते टीडीएस मीटरला नीट दिसत नाही. मीटर शून्य आणि काचेवर डायटम, असं असेल तर रेझिन बदला.

फ्रोझन फूड धुऊन घालायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलेला दिसतोय. धुवा हवं तर, पण त्याने फार फरक पडत नाही, बराचसा फॉस्फरस त्या मांसातच असतो, वरच्या पाण्यात नाही. आणि वॉटर चेंजनेही आकडे फार हलत नाहीत, नायट्रेट २० असेल आणि १० टक्के पाणी बदललं तर ते १८ होतं, बस.

डायनो गेले, नायट्रेट ५-१० वर स्थिर आहे, आणि मग फॉस्फेट ०.१ च्या वर चढायला लागलं तर? तेव्हा रेफ्युजियम करा. संपमध्ये कीटो नावाच्या शेवाळाचा गोळा, त्यावर चांगला जोरदार लाइट, मेन टँकच्या उलट वेळेला, आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी वाढलेला भाग काढून फेका. फेकला नाही तर काही उपयोग नाही, न्यूट्रिएंट टँकच्या बाहेर जातं ते फेकताना. याच कल्पनेवर १९८० च्या दशकात स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी अल्गी स्क्रबर बनवला, जाळीवर पातळ पाणी आणि कडक उजेड, नको असलेली अल्गी आपल्याला हवी त्या जागी वाढवून खरवडून टाकायची. छोट्या टँकला तेही चांगलं चालतं. जीएफओ परत लावायचाच झाला तर कंपनी सांगते त्याच्या पाव मात्रेने सुरू करा आणि दर दोन-तीन दिवसांनी मोजा, फॉस्फेट एकदम कोसळलं की कोरलची टोकं पांढरी पडतात आणि तुम्ही परत डायनोच्या दारात. व्होडका-व्हिनेगर डोसिंग तूर्त नकोच, त्याने नायट्रेट परत शून्यावर जाईल आणि सायनोलाही ते आवडतं.

केमिकलचा प्रश्न. हेअर अल्गी उपटल्यावर ओली करून बोटांत धरून बघा, लोळागोळा होऊन ओल्या केसांसारखी लोंबते की प्रत्येक काडीला फर्नच्या पानासारखे, पिसासारखे फाटे दिसतात. फाटे दिसले तर ती ब्रायोप्सिस, आणि ब्रायोप्सिस असेल तर माझं वरचं बरंचसं बोलणं फोल आहे, कारण ती कोणी फारसं खात नाही आणि उपटून संपत नाही. तिच्यासाठी फ्लुकोनाझोल, हे बुरशीवरचं औषध, साधारण ५ मिलिग्रॅम दर लिटरला, एकदाच. फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही आणि ओझोन बंद, स्किमरचा कप काढून नुसती हवा चालू ठेवा, आणि दोन-तीन आठवडे वॉटर चेंज नाही. आधी शक्य तितकं उपटून घ्या, नाहीतर सगळं एकदम मरून सडतं. पहिले काही दिवस काहीच होत नाही म्हणून दुसरा डोस टाकायचा मोह होतो, टाकू नका, दुसऱ्या आठवड्यात ती फिकट पडायला लागते. पूर्वी मॅग्नेशियम १५०० च्या वर नेऊन ब्रायोप्सिस मारायचे, आता त्या भानगडीत पडायची गरज उरलेली नाही. साध्या हेअर अल्गीवरही फ्लुकोनाझोल बऱ्याचदा चालतं, पण डायनोवर आणि सायनोवर चालत नाही. आणि सध्या टँकमध्ये डायनो असताना हेअर अल्गी एकदम मारलीत तर रिकामी झालेली सगळी जागा डायनोच घेणार, म्हणून क्रम उलटा करू नका.

सायनो आला (डायनो जाताना मधल्या काळात बऱ्याचदा येतो) तर त्यावर एरिथ्रोमायसिनवाली औषधं मिळतात, लागू पडतात, पण ती अँटिबायोटिक आहेत, ऑक्सिजन खाली जातो, एअरस्टोन नसेल तर मासे धापा टाकतात. मी आधी सायफन, फ्लो वाढवणं आणि वाट बघणं यावरच भागवतो. आणि ज्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, नुसतं नैसर्गिक आणि रीफ सेफ लिहिलंय, ती ओतू नका. काय टाकलं तेच माहीत नसेल तर बिघडल्यावर उतारा काय देणार.

टँक मोडायचं म्हणाल तर नव्याने काय करणार? परत कोरडा रॉक, परत रिकामे पृष्ठभाग, परत तेच पहिले सहा-आठ महिने. ड्राय रॉकच्या टँकला हा काळ जवळपास चुकत नाही, रॉकवर कोरॅलिन आणि बाकीचे जीव बसेपर्यंत ज्याला आधी जागा मिळेल तो वाढतो. त्यापेक्षा एखाद्या जुन्या, निरोगी टँकमधून मूठभर वाळू किंवा एक छोटा रॉक मिळाला तर आणा, त्यातून येणारे कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव), जंत, बॅक्टेरिया हे डायनोंना चांगली स्पर्धा देतात. आणताना फक्त त्यावर हिरवे काचेच्या मण्यांसारखे फुगे, म्हणजे बबल अल्गी, आणि एप्टेशिया (उपद्रवी छोटे सी ॲनिमोन) नाहीत ना तेवढं भिंगाने बघून घ्या. एखादाच रॉक खूपच भरला असेल आणि त्यावर कोरल नसतील तर तेवढा एक बाहेर काढून अंधाऱ्या टबात खारं पाणी, हीटर आणि पंप लावून दीड-दोन महिने ठेवा, अल्गी मरते, बॅक्टेरिया राहतात.

मायक्रोस्कोपखालचा फोटो आणि उपटलेल्या अल्गीचा जवळून एक फोटो टाका, पांढऱ्या लाइटमध्ये, निळ्यात काही कळत नाही. टेस्ट किटचं नाव पण लिहा.